वापसा कॅलेंडरमध्ये बसत नाही

वाचकांचे प्रश्न

संगणक आणि तो वापरणारा माणूस यांच्यातील व्यवहाराचा अभ्यास म्हणजे मानव-संगणक आंतरक्रिया. विद्यार्थी या विषयाला ‘एचसीआय’ म्हणतात. हा विषय चार-पाच जणांच्या गटाने, एखाद्या खऱ्या संस्थेचे खरे काम हाती घेऊन शिकावा, असे मी गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. चारही पत्रे विदर्भातील आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकतो. एचसीआयचा प्रकल्प खऱ्या क्लायंटसाठीच करायचा, अशी अट आमच्या सरांनी यंदा घातली आहे. पुण्यात शिकणाऱ्या मित्रांना त्यासाठी मोठ्या कंपन्या मिळतात. आमच्याकडे एक जिनिंग आहे आणि एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. उत्पादक कंपनीच्या अध्यक्षांना भेटलो, तेव्हा ते म्हणाले, ‘आम्ही सभासदांना ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्र भाड्याने देतो, त्याच्या बुकिंगचे ॲप करून द्या.’ आम्ही पाच जण आहोत आणि असे ॲप आठ दिवसांत करू शकतो. मग उरलेले चार महिने काय करायचे, आणि एवढ्या साध्या कामातून आम्ही शिकणार तरी काय?

उत्तर : आठ दिवसांत होणारे ते ॲप कसे असेल, हे मला न पाहताही सांगता येईल, कारण तसेच एक ॲप काही वर्षांपूर्वी माझ्या देखरेखीखाली तयार झाले आहे. तो गटही पाच जणांचाच होता आणि मागणीही हीच होती. ट्रॅक्टर आणि रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणारे यंत्र, ज्याला आता सगळे बीबीएफ म्हणतात, ते भाड्याने देताना हंगामात जी ओढाताण होते ती थांबावी, असे क्लायंटचे म्हणणे होते. विद्यार्थ्यांनी कॅलेंडर काढले. शेतकऱ्याने त्यात तारीख निवडायची, सकाळ की दुपार ते ठरवायचे आणि किती एकर ते भरायचे, की बुकिंग झाले. मार्च महिन्यात उत्पादक कंपनीच्या कार्यालयात पंख्याखाली बसून ते दाखवण्यात आले, संचालकांनी टाळ्या वाजवल्या आणि गटाला उत्तम गुण मिळाले. ते गुण मीच दिले होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर त्या ॲपवरचे एकही बुकिंग पाळता आले नाही.

त्याचे कारण कोणत्याही शेतकऱ्याला धुऱ्यावर गाठून विचारले असते, तर त्याने सांगितले असते. पेरणीची तारीख कोणी निवडत नसते. मृगाचे पाणी किती पडले, ७५ ते १०० मिलिमीटरपर्यंत पाऊस होऊन पुरेशी ओल झाली की नाही आणि त्यानंतर उघाड मिळाली की नाही, यावर जमिनीला वापसा येतो, म्हणजे ती पेरण्याजोगी होते. हलक्या, बरड रानाला तो लवकर येतो. भारी काळ्या रानात त्याच दिवशी ट्रॅक्टर घातला, तर चाकांना चिखलाचे गोळे बसून यंत्र जागच्या जागी रुतते. शिवाय एका शिवारात दमदार पाऊस झालेला असतो, तेव्हा नाल्यापलीकडच्या शिवारात धूळ उडत असते. अशा ठिकाणी ‘१८ जून, सकाळ’ असा चौकोन दाबायला लावणे म्हणजे शेतकऱ्याला जे ठाऊकच नाही, ते त्याच्याकडून वदवून घेणे होय.

दुसऱ्या वर्षी मी त्याच ठिकाणी नवा गट पाठवला. या वेळी अट अशी होती की, पहिले तीन आठवडे कोणी संगणक उघडायचा नाही. ऑक्टोबरमध्ये, हरभऱ्याच्या पेरणीच्या धामधुमीत, यंत्रांचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापकांजवळ नुसते बसायचे, त्यांचे फोन ऐकायचे आणि ते नेतील तेथे त्यांच्या मागे जायचे. त्या काळात विद्यार्थ्यांनी त्यांची वही पाहिली. वही दोनशे पानी होती, पुठ्ठा सुटलेला होता आणि मागच्या बाजूला खताच्या दुकानाची जाहिरात होती. तिच्यात तारखेचा रकानाच नव्हता. पाने शिवारांप्रमाणे पाडलेली होती. प्रत्येक नावापुढे एकर आणि त्यापुढे ‘भा’ किंवा ‘ह’ एवढेच अक्षर, म्हणजे भारी किंवा हलकी जमीन. सगळी नोंद पेन्सिलने केलेली होती, कारण क्रम रोज बदलत होता. शाईने लिहिलेले होते ते फक्त जमा झालेले पैसे. गटातील एका मुलीने विचारले, ‘काका, तारीख कुठं लिहिता?’ त्यावर ते म्हणाले, ‘तारीख मी कशी सांगू माय, ते तं पाणी सांगते.’

कितीतरी हंगामांच्या वापराने घडत आलेला इंटरफेस, म्हणजे माणूस आणि साधन यांना जोडणारी मांडणी, त्या वहीत होता आणि आधीच्या गटाने ती उघडूनही पाहिली नव्हती. कामाच्या जागी बसून शिकण्याची ही रीत एचसीआयमध्ये मान्यता पावलेली आहे. कॅरेन होल्ट्झब्लॅट आणि ह्यू बायर यांनी तिची शिस्तशीर मांडणी केली. काम करणारा माणूस हा मिस्त्री आणि अभ्यासक हा त्याच्या हाताखाली शिकायला आलेला मुलगा, असे नाते त्यांनी या पद्धतीच्या मुळाशी धरले आहे. हाताखालचा मुलगा प्रश्नावली घेऊन येत नाही. मिस्त्री काम करत असताना तो पाहतो आणि ज्या क्षणी समजत नाही, त्या क्षणी विचारतो.

पाहून आणि विचारूनही काही गोष्टी सुटतात. १९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियातील छपाई कामगारांच्या संघटनांनी संशोधकांना बरोबर घेऊन ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प केला होता. जी यंत्रे अद्याप कामगारांच्या हाती आलेली नव्हती, त्यांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी आणि कागद ठेवून कामगारांनी आपले रोजचे काम करून पाहिले आणि त्यातून यंत्र कसे असावे याविषयीची त्यांची मते ठरत गेली. आमच्या गटाने हेच लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केले. एक चिठ्ठी म्हणजे एक शेत, अशा चाळीस चिठ्ठ्या त्यांनी सतरंजीवर मांडल्या आणि व्यवस्थापकांना सांगितले की, काल रात्री पाऊस झाला असे समजा आणि उद्याची कामे लावा. त्यांनी शिवार पाहण्याआधी, जमीन पाहण्याआधी, सहा चिठ्ठ्या उचलून वेगळ्या ठेवल्या. कोणालाच कारण कळेना. ती सहा शेते पांदण रस्त्यापासून आत होती आणि तेथे जायची वाट दुसऱ्याच्या शेतातून होती. पुढच्याची पेरणी झाली, की मागच्याचा ट्रॅक्टर अडला. तीन आठवड्यांत ही गोष्ट ते एकदाही बोलले नव्हते. लपवायचे होते असे मुळीच नाही. ती इतकी अंगवळणी पडलेली होती की, सांगण्यासारखी आहे हेच त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

शेवटी जे तयार झाले, ते अध्यक्षांनी मागितलेल्या वस्तूपेक्षा बरेच लहान होते. शेतकऱ्यांसाठी ॲप ठेवलेच नाही. रानाला वापसा आला की शेतकऱ्याने एक मिस्ड कॉल द्यायचा आणि व्यवस्थापकांच्या फोनवरील यादीत त्याचे शेत शिवारानुसार वर यायचे. वाट अडणारी शेते आधी दिसायची. पुढची लावालाव व्यवस्थापकच करत. अध्यक्षांना हे पटवून द्यायला एक अख्खी दुपार खर्ची पडली, कारण तालुक्याच्या सभेत दाखवण्यासाठी त्यांना शेतकऱ्यांच्या हातातले ॲप हवे होते. ती दुपार विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग होती, असे मी मानते. काम सांगणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा असतो, आणि काम सांगणाऱ्याशीही प्रामाणिकपणे, त्याचा मान राखून, पुराव्यानिशी बोलावे लागते, हे वर्गात काल्पनिक ग्राहक घेऊन कधीच शिकवता येत नाही.

आता तुमच्या चार महिन्यांविषयी. आयबीएममधील जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी १९८५ मध्ये तीन तत्त्वे मांडली होती : वापरणाऱ्यांकडे सुरुवातीपासून लक्ष द्यावे, त्यांच्याकडून प्रत्यक्ष वापर करवून मोजमाप घ्यावे, आणि जे आढळेल त्यानुसार पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी. तुम्ही पहिले पाच-सहा आठवडे केवळ पाहण्यात घालवा, त्यानंतर कागदावरचे दोन-तीन आराखडे लोकांच्या हातात द्या, आणि पडद्यावरचे काम अगदी अखेरीस, तुमच्याच हिशोबाने आठ दिवसांचे, ठेवा. चाचणीसाठी पाच माणसे पुरतात, असे तुमच्या पुस्तकात असेल. उपयोगसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांच्या हिशोबात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि पाच जण मिळून सुमारे ८५ टक्के. परंतु हे गणित एकसारख्या वापरकर्त्यांचे आहे. तुमच्या कामात व्यवस्थापक, ट्रॅक्टरचालक आणि शेतकरी असे तीन वेगळे गट आहेत, आणि व्यवस्थापक तर एकच आहे. त्यामुळे त्यांच्याकडे एकाच आवृत्तीऐवजी प्रत्येक दुरुस्तीनंतर जावे लागेल. चाचणी कार्यालयात घेऊ नका. उपयोगसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत, म्हणजे आयएसओ ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागात, ठरावीक माणसे ठरावीक उद्दिष्टासाठी ‘ठरावीक परिस्थितीत’ वस्तू वापरताना मिळणारी परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान यांचाच विचार आहे. तुमची परिस्थिती म्हणजे जून महिना, पन्नीत गुंडाळलेला फोन, ओली बोटे आणि मागे चालू असलेला ट्रॅक्टर. ओल्या बोटाने पडदा नीट चालत नाही, हे धुऱ्यावर पाच मिनिटांत कळते.

पुण्याच्या मित्रांचा हेवा करू नका. त्यांच्या कंपनीचा वापरकर्ता कोठेतरी दूर असतो आणि त्याला गाठण्यासाठी त्यांना परवानग्या काढाव्या लागतात. तुमचा वापरकर्ता तुमच्या बसथांब्यावर उभा आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. मी वाशीम जिल्ह्यात बचत गटांच्या एका ग्रामसंघाची सचिव आहे. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजची मुले आमच्या गटांच्या हिशोबाचे ॲप करायला आली होती. तीन वेळा आली, बायकांचा दिवस दिवस गेला, कर्जवहीच्या प्रत्येक पानाचे फोटो काढले. ॲप चांगले झाले होते आणि आम्ही वही लिहिणे सोडले. मुलांची परीक्षा झाली, त्यानंतर महिनाभरात ते उघडेनासे झाले. मुलांपैकी कोणाचा फोन लागला नाही. चार महिन्यांचा हिशोब आम्हाला बायकांना विचारून विचारून परत लिहावा लागला. आता दुसऱ्या कॉलेजचा गट ‘तुम्ही आमचे क्लायंट व्हा’ असे म्हणत आला आहे. होकार द्यावा का?

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी माझ्या वर्गात वाचून दाखवले. ज्या मुलांनी तुमचे नुकसान केले, त्यांच्यापैकी कोणी दुष्ट असेल असे मला वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने काम परीक्षेच्या दिवशी संपले आणि तुमच्या दृष्टीने ते त्या दिवशी सुरू झाले होते, हे त्यांना सांगणे त्यांच्या शिक्षकांचे कर्तव्य होते. ते पार पडले नाही, याबद्दल या पेशातील एक माणूस म्हणून मी तुमची क्षमा मागते.

होकार द्यावा, असे मला वाटते, पण तुमच्या अटींवर. क्लायंट होणे म्हणजे फुकट मिळणारी वस्तू घेणे नव्हे. तुम्ही त्या मुलांना महिनोन्महिने शिकवणार आहात, आणि शिकवणाऱ्याला अटी घालण्याचा अधिकार असतो. पहिली अट वेळेची असावी. सोयाबीन सोंगणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बाईचा एक दिवस म्हणजे एक मजुरी असते, तेव्हा मुलांनी गटाच्या ठरलेल्या बैठकीच्या दिवशीच यावे, बैठक कशी चालते ते मागे बसून पाहावे आणि वेगळी बैठक बोलावण्याचा आग्रह धरू नये. वही बंद करायची नाही, ही दुसरी अट. नवीन साधन कितीही चांगले असले, तरी निदान एक वर्ष वही आणि ॲप दोन्ही चालू राहिली पाहिजेत आणि महिन्याच्या शेवटी दोन्हींची बेरीज जुळवून पाहिली पाहिजे. मुलांना यात दुप्पट काम दिसेल, पण बेरीज कोठे जुळत नाही हे पाहण्यातच त्यांचा अभ्यास आहे.

पहिल्याच भेटीत त्यांच्या शिक्षकांसमोर एक प्रश्न अवश्य विचारा : ‘तुम्ही गेल्यावर हे कोण चालवणार, कोणाच्या खात्यावर चालवणार, आणि बंद पडले तर आमचा सगळा हिशोब आम्हाला कागदावर छापून मिळेल का?’ विद्यार्थ्यांची बरीच ॲपे त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलेल्या फुकटच्या खात्यांवर चालतात, आणि त्या खात्याची मुदत संपली किंवा पासवर्ड हरवला, की सगळेच हरवते. तुमच्या बाबतीत काय घडले ते मी पाहिलेले नाही, पण नव्या गटाकडून खाते ग्रामसंघाच्या नावाने उघडून घ्या आणि त्याचा पासवर्ड तुमच्या दप्तरात लिहून ठेवा.

फोटोंचेही सांगते. कोणत्या बाईवर किती कर्ज आहे आणि कोणाचा हप्ता थकला आहे, हे तुमच्या कर्जवहीत असते. ते गावात फुटले तर घरात भांडणे होतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये देशात स्वतंत्र कायदा झाला आहे आणि त्याचा पाया संमती हा आहे. मुलांना वहीची रचना समजून घ्यायची असेल, तर तुम्ही एका कोऱ्या पानावर खोटी नावे आणि खोटे आकडे लिहून द्या. त्यांचे काम तेवढ्यावर भागते. आधार कार्डाचा फोटो तर कोणालाही काढू देऊ नका.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने बोला. तुम्हाला ॲप नकोच असेल, तर तसे सांगा. वहीची पाने अधिक सोयीची आखून छापून देणे, थकीत हप्ता चटकन दिसेल अशी जागा तिच्यात ठेवणे, हेही एचसीआयचेच काम आहे. ज्या मुलांना हे कमीपणाचे वाटेल, त्यांना दारातूनच परत पाठवले तरी चालेल.

प्रश्न : मी अमरावती विभागातील एका महाविद्यालयात शिकवतो. वर्गात ६० विद्यार्थी, म्हणजे १२ गट आहेत. इतके क्लायंट आणायचे कोठून? गटात एक जण राबतो आणि चार जण गुण घेतात, त्याचे काय करावे? आमच्या सर्व गटांना उपयोगसुलभतेच्या प्रश्नावलीत ९० च्या वर गुण मिळाले आहेत, तेव्हा शिक्षण झाले असे समजावे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ९० चा आकडा वाचून मला काळजी वाटली. तुम्ही वापरली असेल ती प्रश्नावली जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली आहे. तिच्यात दहा विधाने असून एक अनुकूल तर पुढचे प्रतिकूल अशी त्यांची रचना आहे. उत्तरांवरून ० ते १०० मधील एक आकडा निघतो आणि तो टक्केवारी नसतो. अनेक अभ्यासांवरून तिची सरासरी ६८ च्या आसपास धरली जाते. बाराही गटांना ९० च्या वर गुण मिळत असतील, तर वस्तू चांगल्या आहेत यापेक्षा माणसे चांगली आहेत, असेच मी समजेन. दारी आलेल्या पोरांनी काही दाखवले, तर आपल्या गावात ‘छान आहे’ असेच म्हणतात, चहाही पाजतात. २०१२ साली बंगळुरूमध्ये केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात लोकांना दोन वस्तू दाखवल्या आणि त्यांपैकी एक मुलाखत घेणाऱ्याने स्वतः बनवली आहे, असे भासवले. लोकांनी तीच पसंत करण्याची शक्यता अडीच पटींनी अधिक आढळली, आणि हे दोन्ही वस्तू हुबेहूब सारख्या असतानाही घडले. मुलाखत घेणारा परदेशी आणि सोबत दुभाषी असला, की हे प्रमाण पाच पटींवर गेले.

यावर उपाय करता येतो. एका गटाने दुसऱ्या गटाच्या वस्तूची चाचणी घ्यावी, म्हणजे ‘हे आम्ही केलेले नाही’ असे त्याला खरेपणाने सांगता येते. ‘आवडले का’ हा प्रश्न वर्ज्य ठेवावा आणि एक काम सांगून गप्प बसावे : ‘तुमच्या नावावर किती बाकी आहे, ते यात पाहून सांगा.’ मनातले मोठ्याने बोलत काम करा, असे सांगितले की आपल्याकडची माणसे संकोचून गप्प होतात; त्याऐवजी दोन शेजारणींना एकत्र बसवावे. त्या एकमेकींशी जे बोलतील ते आपोआप कानावर येते आणि कागदावरच्या दहा विधानांपेक्षा त्यातून कितीतरी अधिक कळते.

क्लायंट १२ आणू नका. दोन किंवा तीन पुरेत, आणि प्रत्येकाच्या कामाचे वेगवेगळे तुकडे गटांना वाटून द्या, म्हणजे एकाच कारकुनाला बारा गटांना एकच माहिती बारा वेळा द्यावी लागणार नाही. बाजार समितीतील हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या, सूचना आणि काट्यावरची चिठ्ठी, एसटी बसस्थानकावरील चौकशीची खिडकी, सार्वजनिक वाचनालय, ग्रामपंचायतीचा दाखल्यांचा टेबल, यांपैकी कोणतीही जागा एका सत्राला पुरून उरते. महाविद्यालयांना गावांशी जोडणाऱ्या, २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात तुमचे महाविद्यालय असेल, तर निवडलेली गावे आधीपासूनच तुमच्या कागदावर आहेत. ती केवळ अहवालापुरती न ठेवता तेथे जा. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात गट अनेक महिने बाहेरच्या क्लायंटचे काम करतो, हे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते. ते चांगलेच आहे, परंतु त्यांच्यासारखा सलग वेळ आपल्या वेळापत्रकात नसतो, म्हणून आपण कामाचा आवाका लहान ठेवावा. एक माणूस, एक काम आणि एक अडचण एवढे पुरे.

गुणांबाबत माझा अनुभव असा आहे की, गटाच्या वस्तूला निम्म्याहून कमी गुण ठेवले तरच हा प्रश्न सुटतो. उरलेले गुण प्रत्येकाच्या स्वतंत्र रोजवहीला द्या. कोणत्या दिवशी कोठे गेलो, काय पाहिले, कोणते वाक्य ऐकले, हे हाताने आणि त्याच दिवशी लिहिलेले असावे. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला एकट्याने बोलावून विचारा, ‘तुझा कोणता समज चुकीचा निघाला आणि तो कोणामुळे कळला?’ जो गावात गेलाच नाही, त्याला या प्रश्नाचे उत्तर रचून सांगता येत नाही, कारण पुढचाच प्रश्न त्या माणसाच्या वहीविषयी असतो. जो राबला, त्याच्याकडे सांगण्यासारख्या चार चुका असतात. त्याला त्या चुकांचे गुण मिळाले पाहिजेत.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थिनी आहे. धान रोवणीच्या मजुरीची नोंद, हा आमचा विषय आहे. बायका झाडीबोलीत बोलतात, रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा आहे, आणि आमचे गाईड म्हणतात की पडद्यावर ‘रोवणी’ऐवजी ‘लावणी’ असा प्रमाण शब्द ठेवा. काय करावे?

उत्तर : पडद्यावर ‘रोवणी’च ठेवा. ज्या बायका वाफ्यात वाकून हे काम करतात, त्यांचा शब्द हाच प्रमाण, आणि त्या शब्दाशी त्यांचा हिशोब, मजुरी आणि दिवस जोडलेले आहेत. बटणांच्या बाबतीतही असेच करा. ‘नोंदणी सादर करा’ आणि ‘नंबर लावा’ अशी दोन कागदी बटणे करून पाच-सहा जणींपुढे ठेवा, दाबल्यावर काय होईल ते त्यांना विचारा, आणि जे उत्तर येईल त्याप्रमाणे ठरवा. सरकारी अर्जांमुळे काही जड शब्द लोकांना चांगले परिचित झालेले असतात, त्यामुळे आधीच अंदाज बांधू नका. टंकलेखन शक्यतो टाळावे. टाळता येत नसेल, तर फोनवर देवनागरी कोणत्या कळफलकाने लिहितात ते पाहा. आयआयटी मुंबईतील ‘स्वरचक्र’ कळफलकाची मांडणी बाराखडीवर बेतलेली आहे, तीही करून पाहता येईल.

रिपोर्टमध्ये बाईचे वाक्य तिच्याच बोलीत, देवनागरीत, आधी छापा आणि त्याखाली इंग्रजी भाषांतर द्या. बोलणे ध्वनिमुद्रित करण्याआधी परवानगी घ्या आणि ते गाईडना ऐकवा. कागदावर न पटलेली गोष्ट आवाजात अनेकदा पटते. परीक्षक बाहेरचे असतील आणि त्यांना रोवणी हा शब्द कळणार नाही, अशी भीती असेल, तर एक बांधी, म्हणजे धानाचे शेत, तिच्यातील परह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी आणि रांगेने मागे सरकत जाणाऱ्या बायका यांचे रेखाचित्र पहिल्या पानावर काढा. ते काढण्यासाठी तुम्हाला पुन्हा एकदा बांधीवर जावे लागेल, आणि त्या वेळी मजुरीची नोंद नेमकी कोण ठेवते, मुकादम की ती बाई स्वतः बोटांच्या पेरांवर, हेही पाहून घ्या.